चार कुंड्या, अकरा मांजरं

दुबईत ऊन कमी पडलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. मग मला बघून घ्या. नाव इग्नेशियस, गाव वसई, मुक्काम दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क, खिडक्यांच्या फॅक्टरीत स्टोअरकीपर, शिक्षण सातवी. सातवी म्हणजे सातवीच्या वर्गात बसलो होतो. पास झालो का ते बघायला मी गेलो नाही आणि शाळेनेही कळवलं नाही. पण ऊन म्हणजे काय ते मला शिकवायला कोणाची गरज नाही. बावीस वर्षं इथे काढली. जुलैत यार्डातल्या अ‍ॅल्युमिनियमला चुकून हात लावला तर हात परत येतो, कातडी तिथेच राहते. अशा या गावात माझ्या चार कुंड्यांना ऊन मिळेना. ते मिळावं म्हणून मी रीतसर अर्ज केला, आणि तो नामंजूर झाला.

सगळी भानगड सुरू झाली अँड्र्यूच्या घरी. आम्हा वसईकरांची इथे बारा-तेरा कुटुंबं आहेत. ऑक्टोबरपासून नाताळपर्यंत मरियामातेची एक मूर्ती आमच्यात घरोघर फिरते. दर शनिवारी नवीन घर. ज्याची पाळी त्याने अल्टार सजवायचा, सगळ्यांनी जमून रोझरी म्हणायची, मग चहा, केक. रोझरी अर्धा तास चालते. केक खाताना लोकांचं जे चालतं ते दोन तास.

अँड्र्यू राहतो सिलिकॉन ओएसिसला, अठराव्या मजल्यावर. मोठ्या हॉटेलात बँक्वेट मॅनेजर आहे. म्हणजे काय, तर लोकांच्या लग्नात उरलेली फुलं ह्याच्या गाडीत येतात. त्या दिवशी त्याने एवढे पांढरे ऑर्किड लावले होते की मरियामाता नेमकी कुठे आहे ते शोधावं लागलं. सगळे वा वा करत होते. मीही केलं, फुकटचं आहे म्हणून. तेवढ्यात त्याची बायको बेव्हर्ली, हातात केकची प्लेट, आमच्या अ‍ॅग्नेसला म्हणते, "सहा डिसेंबरला तुमची पाळी ना? गेल्या वर्षीचीच फुलं असतील. धुऊन ठेवली असशील ना गं?"

आता हे खरं आहे की गेल्या वर्षी आमच्या घरी प्लास्टिकची फुलं होती. मला डबल ड्यूटी होती, अ‍ॅग्नेस क्लिनिकमधून सातला सुटली, जे मिळालं ते आणलं. पण ते असं वीस माणसांत बोलायचं असतं का? सगळे हसले. अ‍ॅग्नेससुद्धा हसली, पण नुसत्या दातांनी. ते बघून माझं डोकं फिरलं. मी उठून उभा राहिलो आणि सांगून टाकलं की ह्या वर्षी आमच्या घरी विकतचं एक फूल नसेल. मी स्वतः लावलेली असतील. आणि साधी नाहीत, निळी, मरियामातेच्या झग्याच्या रंगाची.

अँड्र्यू कॉफी ढवळत म्हणाला, "वाडी तर विकून झाली ना रे तुझी, इग्ना? मग लावणार कुठे?"

वाडीवर आता सात मजली बिल्डिंग उभी आहे आणि आमची विहीर तिच्या पार्किंगखाली आहे, हे त्यालाही माहीत, मलाही माहीत. परतीच्या वाटेवर, शेवटच्या सिग्नलला अ‍ॅग्नेसने विचारलं, "निळी फुलं लावणार कोण?" मी म्हटलं, मी. ती म्हणाली, "तुम्ही?" चोवीस वर्षांच्या संसारात तिने मला बरंच काही म्हटलं आहे, पण ह्या "तुम्ही"एवढं काही लागलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी नर्सरीत गेलो. इथली नर्सरी म्हणजे एसी लावलेलं शोरूम. झाडांना मफलर तेवढे घालायचे बाकी. एका कोपऱ्यात वीतभर उंचीची रोपं होती आणि त्यांच्या मातीत प्लास्टिकची पट्टी खोचलेली. आमची लॅरिसा, दहावीतली, तिला वाचायला लावलं. पट्टीवर लिहिलं होतं: ब्लू साल्व्हिया, पेरेनियल, फुल सन, पॉलिनेटर फ्रेंडली. पेरेनियल म्हणजे वर्षानुवर्षं जगणारं, हे तिने सांगितलं. पॉलिनेटर म्हणजे काय विचारलं तर म्हणते, "बीज, डॅड. इट मीन्स बीज विल लाइक इट."

मधमाशीला आवडेल म्हणे. आमच्या वाडीत मोगरा होता, सोनचाफा होता, तगर होती, मधमाश्या घोंघावत असायच्या. आवडलं का म्हणून कोणी पट्टी लावून विचारलं नव्हतं.

एका रोपाला पंधरा दिरहम, म्हणजे साडेतीनशे रुपये झाले. चार घेतली. नर्सरीतला केरळी माळी पिशवीत रोपं ठेवताना मला सांगायला लागला, "साब, पानी थोडा, खाद बिलकुल नहीं, सिर्फ धूप." मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढचं वाक्य गिळलं. सात पिढ्या वाडी कसलेल्या माणसाला हा एसीतला माळी झाडं शिकवणार.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते त्याची माती फेकून दिली. ती काय माती होती, नुसती वाळू आणि खडी. आमच्याकडे वाडीला खत म्हणजे सुकी मासळी. केळीच्या बुंध्यात, पानवेलीच्या सरीत, पावसाआधी मासळी पुरायची. मग वेल अशी उठायची की शेजाऱ्याला ताप यायचा. मी ठरवलं, हेच खत साल्व्हियाला घालायचं. मासळीचा प्रश्न शेजारच्या अजीजभाईने सोडवला. अजीज रत्नागिरीकडचा, देऱ्याला, म्हणजे जुन्या दुबईत, गलबतांच्या धक्क्याजवळ एका ट्रेडिंग ऑफिसात आहे, सुक्या मासळीवाल्यांशी रोजची उठबस. पिशवीच्या तळाला राहिलेला मासळीचा चुरा त्याने पाच किलो आणला, तोही मेट्रोने. मधल्या एका स्टेशनवर गार्डने त्याला उतरवलं. पुढे टॅक्सी केली तर ड्रायव्हरने चारी काचा खाली केल्या आणि घरापर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. दारात पिशवी ठेवून अजीज म्हणाला, "इग्नाभाई, तुझ्या झाडापायी माझी आज देऱ्यापासून इथपर्यंत इज्जत गेली. फूल आलं की पहिलं मला दाखव."

त्याची बायको हमीदाभाभी मागून आली. तिचा सल्ला वेगळा. रोज तांदूळ धुतलेलं पाणी घाला, झाडाशी प्रेमाने बोला. पहिलं मी केलं. दुसरं जमलं नाही. मी फॅक्टरीत बावीस वर्षं फक्त माल उतरवणाऱ्यांशी बोललो आहे. ती भाषा झाडासमोर काढण्यासारखी नाही.

तर मासळीचा चुरा बादलीत चार दिवस भिजवला, कुंड्यांत घातला, सकाळ-संध्याकाळ पाणी. आणि झाडं अशी सुटली, अशी सुटली की काय सांगू. तीन आठवड्यांत गुडघ्याएवढी. पानं तळहाताएवढी, हिरवीगार, तेलकट. मी रोज फोटो काढून वसईकरांच्या ग्रुपवर टाकायचो, मुद्दाम अँड्र्यू ऑनलाइन असताना. फक्त फूल नव्हतं. कळीसुद्धा नव्हती. अ‍ॅग्नेस बाल्कनीत आली, कमरेवर हात ठेवून बघितलं आणि विचारलं, "मूर्तीसमोर पालक ठेवायचा आहे का?"

लॅरिसाने फोनवर शोधलं आणि सांगितलं की ह्या झाडाला दिवसाचे सहा तास ऊन लागतं, फुल सन म्हणजे ते. तेव्हा मी पहिल्यांदा बाल्कनीत घड्याळ घेऊन बसलो. आमच्या बाल्कनीसमोर बारा फुटांवर दुसरी बिल्डिंग आहे. तिची ती भिंत, तीन एसीची डबडी आणि एका फिलिपिनो बाईंचे टॉवेल एवढाच आमचा व्ह्यू. ऊन आलं दुपारी तीन चाळीसला आणि गेलं चारला. वीस मिनिटं. आजूबाजूला सगळं वाळवंट तापून लाल झालेलं आणि आम्हाला रेशनवर ऊन.

गच्ची होती. सहाव्या मजल्यावर, वरून सताड उघडी, सूर्य डोक्यावर. पण तिला कुलूप, आणि चावी मॅनेजमेंटकडे. मी खाली ऑफिसात गेलो. तिथे एक मॅडम आहेत. त्या नेहमी हसून बोलतात, त्यामुळे नाही म्हणाल्या हे घरी आल्यावर कळतं. त्या म्हणाल्या, एनओसी लागेल, ऑनलाइन फॉर्म भरा. फॉर्म लॅरिसाने भरला. वस्तूचा प्रकार: अँटेना, मशीन की इतर. वस्तूची उंची, वजन. वस्तू आवाज करते का. वस्तूला वीज लागते का. वस्तूचा फोटो, मालकाचा पासपोर्ट, एमिरेट्स आयडी. शेवटी होतं, कशासाठी हवी. पोरीने लिहिलं, सनलाइट. पाच दिवसांनी उत्तर आलं. लॅरिसाने मोठ्याने वाचून दाखवलं: गच्ची वापरण्यासाठी सनलाइट हे मान्य कारण नाही.

मी ते तिला दोनदा वाचायला लावलं. नोकरीसाठी नाही म्हणाले असते, व्हिसासाठी नाही म्हणाले असते, तर समजू शकलो असतो. उन्हाला नाही म्हणणारं ऑफिस मी पहिल्यांदाच बघितलं.

संकटं एकटी आली असती तर मी त्यांना सांभाळून घेतलं असतं. पण त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचे इजिप्शियन साहेब वर आले. भारदस्त माणूस, कुठेतरी वकील आहेत. हातात हँगर, हँगरला पांढरा शर्ट, शर्टावर खांद्यापासून खिशापर्यंत तपकिरी ओघळ. माझ्या कुंड्यांचं पाणी ओघळून त्यांच्या दोरीवर पडलं होतं. मी सॉरी म्हणणार, तेवढ्यात त्यांनी शर्ट माझ्या नाकाला लावला.

"हबीबी," ते शांतपणे म्हणाले, "स्मेल."

मी वास घेतला. दुसरा इलाज नव्हता. सुका बोंबील, थोडा तांदूळ. कोणी सांगितलं नसतं तर मी जेवायला बसलो असतो. पण वकिलाच्या शर्टाला तो वास शोभत नाही हे मलाही कळलं. मी शर्ट ठेवून घेतला आणि लाँड्रीतून तीनदा धुऊन परत दिला. लाँड्रीवाला आता मला बघून शटर अर्धं खाली करतो.

आणि मग मांजरं. दुबईतल्या मांजरांची अक्कल आमच्या मॅनेजमेंटपेक्षा जास्त. वाऱ्यावर मासळीचा वास गेला आणि ती पार्किंगमध्ये जमायला लागली. पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी सात, आठवड्याच्या शेवटी अकरा. ओरडायची नाहीत, भांडायची नाहीत. ओळीने गाड्यांच्या बॉनेटवर बसायची आणि माझ्या बाल्कनीकडे बघत राहायची, जशी काही मूर्तीची पाळी त्यांच्याकडे आहे. वॉचमन मिथुन, बंगालचा, पन्नाशीचा सज्जन माणूस, तो रोज काठी आपटून दमला. त्याने मला हात जोडून सांगितलं, "साब, वो लोग आपको ही पूछता है."

शेवटी नोटीस आली. बाल्कनीतून दुर्गंधी, पाण्याची गळती, प्राणी गोळा करणे. अठ्ठेचाळीस तासांत वस्तू हटवा. मी हटवणार कुठे? घरात ठेवल्या तर अ‍ॅग्नेस मला हटवेल. अजीजने जागा द्यायची तयारी दाखवली, पण त्याची बाल्कनी माझ्याच भिंतीला लागून, तीच वीस मिनिटं आणि तीच मांजरं. तेव्हा मी कुंड्या रात्रपाळीपुरत्या बाहेर पॅसेजमध्ये ठेवल्या आणि कामावर गेलो. सकाळी परत आलो तर पॅसेज रिकामा. दारावर पिवळा कागद. वस्तू जप्त.

त्या दिवशी मी जेवलो नाही. तुम्ही हसाल. पण बापाच्या वाडीतली माझ्या हातची शेवटची जी वेल होती, ती मी स्वतः उपटून बिल्डरला जागा मोकळी करून दिली होती. त्यानंतर बावीस वर्षांत हातून लागलेलं हे पहिलं झाड. तेही सरकारजमा. आणि अँड्र्यूने ग्रुपवर विचारलं, "इग्ना, आज फोटो नाही?"

सोडवून घ्यायला पुन्हा फॉर्म. ह्यावेळी प्रतिज्ञापत्र, की मी ह्या वस्तू पुन्हा पॅसेजमध्ये ठेवणार नाही. मग मॅडम रजेवर. मग त्यांच्या जागी आलेल्या साहेबांना पासवर्ड नाही. मग नॅशनल डेच्या सुट्ट्या. इन्शाल्ला उद्या, इन्शाल्ला परवा. तीन आठवडे उलटले. पाणी नाही, खत नाही, कुठल्यातरी अंधाऱ्या स्टोअररूममध्ये झाडं वाळून कोळ झाली असतील हे मी धरून चाललो होतो. कुठे ठेवली विचारलं तर मॅडमच्या जागचे साहेब म्हणायचे, सेफ कस्टडी.

गुरुवारी, म्हणजे चार तारखेला, घरी आलो तर मोरीत पाण्याचा आवाज. अ‍ॅग्नेस टबात गेल्या वर्षीची प्लास्टिकची फुलं धूत होती. साबण लावून, एकेक पाकळी ब्रशने. बेव्हर्ली म्हणाली होती अगदी तसंच. मी दारात उभा राहिलो. तिने वर बघितलं नाही. म्हणाली, "असू दे. मरियामातेला काय, तिने गोठासुद्धा बघितला आहे." ती चिडली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी दुपारी फोन आला. वस्तू सोडल्या आहेत, घेऊन जा. कुंड्या तरी परत आणू म्हणून मी लॅरिसाला घेऊन खाली गेलो. मिथुनने चाव्यांचा जुडगा काढला आणि तळघराकडे जाण्याऐवजी लिफ्टमध्ये शिरून सहा नंबर दाबला. मला वाटलं ह्याचं काहीतरी चुकलं. त्याने गच्चीचं कुलूप काढलं, दार ढकललं आणि मी डोळ्यांवर हात धरला. एवढं ऊन.

जप्तीचं सामान ठेवायची जागा म्हणजे गच्ची. मोडक्या सायकली, गाद्या, एक ट्रेडमिल आणि मधोमध माझ्या चार कुंड्या. ज्या गच्चीसाठी सनलाइट हे कारण चालत नव्हतं, तिथे गुन्हेगार म्हणून आत टाकल्यावर मात्र दिवसभर सनलाइट. बाजूला मोठ्या एसीचा पाइप होता, त्यातून थेंब थेंब पाणी कुंड्यांच्या कडेला पडत होतं. माझी ती तळहाताएवढी पानं गळून गेली होती. झाड बारीक, राखी, काटक झालं होतं. आणि प्रत्येक काडीवर, खालपासून शेंड्यापर्यंत, निळं. आकाशाचा नाही, शाईचा नाही, बरोबर मूर्तीच्या झग्याचा निळा. त्यावर मधमाश्या. ह्या सिमेंटच्या वाळवंटात त्या कुठून आल्या देव जाणे, पण पट्टीवर लिहिलेलं वाचून आल्यासारख्या आल्या होत्या.

मी मिथुनला विचारलं, तू काय केलंस? तो घाबरला. त्याला वाटलं मी तक्रार करतोय.

"कुछ नहीं किया, साब. माँ कसम, हाथ भी नहीं लगाया."

लॅरिसा माझ्याकडे बघून म्हणाली, "सो बेसिकली, डॅड, दे जस्ट नीडेड यू टू स्टॉप."

नर्सरीतल्या त्या केरळी माळ्याचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर आलं. ते मी लगेच घालवलं. मग वाकलो, एका कुंडीच्या मातीत बोट खुपसलं, उगीचच. आणि थोडा वेळ तसाच वाकून राहिलो, कारण पोरीसमोर डोळे पुसायला मला आवडत नाही.

शनिवारी सगळे आले. मूर्तीच्या चारी बाजूंना चार कुंड्या, आणि बाकी काही नाही. विकतचं एक फूल नाही. अजीज आणि हमीदाभाभी रोझरीआधी येऊन बघून गेले. अजीजने पाच मिनिटं फुलांकडे बघितलं आणि म्हणाला, "ह्याच्यासाठी मेट्रोतून उतरलो, वसूल झालं." खरं काय ते मी त्याला सांगितलं नाही. त्याचा आनंद घालवून मला काय मिळणार होतं?

बेव्हर्ली थेट अल्टारपाशी गेली. "खरी आहेत?" म्हणाली आणि नाक पुढे केलं. मी उत्तर देणार होतो. तेवढ्यात फुलातून एक मधमाशी बाहेर आली, बेव्हर्लीच्या नाकाभोवती एक चक्कर मारली आणि परत आपल्या फुलात जाऊन बसली. बेव्हर्लीने पाचही दशकांची सगळी रोझरी दारापाशी उभं राहून म्हटली.

केकच्या वेळी अँड्र्यू माझ्याजवळ सरकला. आवाज खाली. "इग्ना, खरं सांग. घातलंस काय? पुढच्या वर्षी मी पण लावतो. आमची बाल्कनी मोठी आहे."

मरियामाता सहा फुटांवर होती. मी तिच्याकडे पाठ केली.

"सुकी मासळी," मी म्हटलं. "देऱ्याला मिळते. पाच किलो घे. चार दिवस बादलीत भिजव."

लॅरिसाने तोंड उघडलं. ती बोलणार हे मला दिसलं. पण अ‍ॅग्नेस मध्ये आली. केकचा मोठा तुकडा तिने पोरीच्या हातात दिला आणि अँड्र्यूकडे वळून इतकं गोड हसली की चोवीस वर्षांत मी तसं हसताना तिला पाहिलं नव्हतं.

"आणि पाणी दोन वेळ, अँड्र्यू," ती म्हणाली. "ते विसरू नको हां."

हे मी पुढे कन्फेशनला सांगितलं. जाळीपलीकडे फादर बराच वेळ खोकत होते. कुंड्यांचं म्हणाल तर मूर्ती पुढच्या घरी गेल्यावर मी त्या सरळ पॅसेजमध्ये नेऊन ठेवल्या आणि खाली जाऊन स्वतःच तक्रार केली. प्रतिज्ञापत्र मोडलं म्हणून मॅडम हसून रागावल्या. दुपारपर्यंत दारावर पिवळा कागद होता आणि झाडं गच्चीवर. मिथुन आता त्यांना हातही लावत नाही. मी त्याला तसं बजावून ठेवलं आहे.

अँड्र्यूला पुढच्या वर्षापर्यंत दम निघाला नाही. जानेवारीतच त्याने बारा रोपं आणली, बारा. फेब्रुवारीत एका शुक्रवारी त्याचा फोटो आला, ग्रुपवर नाही, फक्त मला. अठराव्या मजल्यावरून खाली काढलेला. पार्किंगमध्ये ओळीने मांजरं, सगळी मान वर करून बघतायत. खाली लिहिलं होतं, "इग्ना, हे काय आहे?"

मी चष्मा लावून मोजली. नऊ होती. अ‍ॅग्नेसला दाखवलं, तिनेही मोजली. मग तिनेच माझ्या हातातून फोन घेतला आणि उत्तर लिहिलं: "घाबरू नको. अजून दोन यायची आहेत."